रॉडवर १५०० वॅट छापलंय, हिशेब १००७ चाच येतोय

शिराळकरीण
नमस्कार. न्हाणीघरातल्या पाणी तापवायच्या रॉडवर १५०० वॅट, २३० व्होल्ट असं छापलंय. वीस लिटरची बादली पूर्वी अर्ध्या तासाच्या आत तापायची, दिवाळीनंतर चाळीस मिनिटं लागायला लागली. पहाटे पहिली आंघोळ सासूबाईंची. त्यांना संधिवात आहे, पाणी कोमट राहिलं की दिवसभर बोटं आखडतात. म्हणून हे मनावर घेतलं.

शेजारचे वायरमनदादा टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजायचं मीटर) घेऊन आले. रॉड चालू असताना त्याच बोर्डाच्या दुसऱ्या सॉकेटवर १९० व्होल्ट, करंट ५.३ अँपिअर. मुलाच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं सूत्र लावलं: १९० × ५.३ = १००७ वॅट. म्हणजे तिसरा हिस्सा गायब. दादा म्हणाले, रॉड गेला, नवा आणा. पण तो गेल्या वर्षीच घेतलाय. खरंच गेलाय का?

सायन्स_अकरावी
ताई, घरात २३० व्होल्ट असतात. २३० × ५.३ = १२१९ वॅट होतात, म्हणजे रॉड तितका वाईट नाही. रोध २३० ÷ ५.३ = ४३.४ ओहम. क्षार बसून रोध वाढला असणार.

निवृत्त_निदेशक
बाळा, इथेच चूक होते. आयटीआयमध्ये पोरांना मी हे पहिल्या आठवड्यात घोटून घ्यायचो: व्होल्टेज आणि करंट एकाच जागचे, एकाच वेळचे घ्यायचे. ५.३ अँपिअर १९० व्होल्टवर वाहिलेत, त्यांना २३० ने गुणता येत नाही. आणि क्षाराच्या थरामुळे उष्णता पाण्यात उतरायला अडते, आतल्या तारेचा रोध त्याने वाढत नाही.

ताई, रॉड टाकू नका. १९० ÷ ५.३ = ३५.८ ओहम. आता छापील आकड्यांवरून: २३० × २३० ÷ १५०० = ३५.३ ओहम. दोन्ही जवळपास सारखेच, म्हणजे रॉड ठणठणीत आहे. त्यातली तार निक्रोमची, तापली तरी तिचा रोध फारसा हलत नाही. जुन्या १०० वॅटच्या बल्बचं तसं नाही. पेटलेला असताना ५२९ ओहम, थंड असताना मीटर लावलं तर चाळीसच्या आसपास! रॉडला व्होल्टेजच कमी पोचतंय. व्होल्टेज उतरलं की करंटही उतरतो, म्हणून वॅट दुहेरी मार खातात.

आता दोन गोष्टी करा. रॉड चालू ठेवून मीटरपाशी व्होल्टेज बघायला सांगा. आणि घरातलं बाकी सगळं बंद करून मीटरचा लाल दिवा एका मिनिटात किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुक, ते मीटरवर छापलेलं असतं.

शिराळकरीण
मीटरपाशी २२२ व्होल्ट. दिवा मिनिटात ६३ वेळा, दोनदा मोजला. मीटरवर ३२०० लिहिलंय. ६३ × ६० ÷ ३२०० = १.१८ किलोवॅट. म्हणजे बिल ११८० वॅटचं आणि रॉडला १००७. मधले १७० कोण खातंय? न्हाणीघर मागच्या अंगणात आहे, मीटरपासून तीसेक मीटर. वायर दीडची तांब्याची, असं दादा म्हणाले.

निवृत्त_निदेशक
ताई, आधी रॉड बंद करा आणि दुरुस्ती होईपर्यंत लावू नका.

मीटरपाशी २२२ म्हणजे महावितरणकडून येणारं ठीक आहे, २३० ला सहा टक्के खाली म्हणजे २१६ पर्यंत चालतं. दोष तुमच्या घरात आहे. वाटेत ३२ व्होल्ट पडतायत. ३२ ÷ ५.३ = ६ ओहम. दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेला किलोमीटरमागे सुमारे १२ ओहम असतात. तुमची जाऊन-येऊन साठ मीटर, म्हणजे जेमतेम ०.७ ओहम. चार व्होल्टसुद्धा पडायला नकोत. उरलेले पाच ओहम बहुतेक एकाच सांध्यात बसलेत. करंटचा वर्ग गुणिले रोध केलं की दीडशे वॅटच्या आसपास येतं. सोल्डरिंगचं २५ वॅटचं आयर्न कथील वितळवतं. तशी सहा आयर्नं एका डबीत कोंडलीत असं समजा.

मेन बंद करून वायरमनकडून वाटेतला प्रत्येक जॉइंट बॉक्स उघडून घ्या.

शिराळकरीण
सापडलं. मागच्या दारावरच्या बॉक्समध्ये. मीटरकडून तिथपर्यंत घर बांधतानाची अ‍ॅल्युमिनियमची तार, पुढे न्हाणीघराकडे तांब्याची, आणि दोघींना नुसता पीळ मारून टेप गुंडाळलेली. टेपचे पापुद्रे निघत होते, बॉक्सखालची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी. त्याच भिंतीला लागून आम्ही पावसाळ्याचं सरपण रचतो.

दादांनी मीटरपासून न्हाणीघरापर्यंत अडीचची अखंड वायर ओढली. आता रॉड चालू असताना मीटरपाशी २२१, सॉकेटवर २१८ व्होल्ट, ६.१ अँपिअर. म्हणजे ३५.७ ओहम, १३३० वॅट. दिवा मिनिटात ७२ वेळा, ते १३५० झाले. बादली अठ्ठावीस मिनिटांत. काका, तुमचे फार उपकार आहेत. रॉड बदलून गप्प बसले असते तर तो सांधा तसाच राहिला असता.

गोठ्याकडची लाइनही त्याच माणसाने जोडलेली आहे. ती सोडवून ठेवलीय, उद्या उघडतोय. तिथल्या कडबाकुट्टीच्या मोटारीला हाच हिशेब चालेल का?

निवृत्त_निदेशक
व्होल्टेज वाटेत किती पडतं, ते याच रीतीने मोजा. वॅट मात्र नुसत्या गुणाकाराने मिळणार नाहीत, मोटारीला पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला किती हिस्सा खरे वॅट असतो तो आकडा, धरावा लागतो. त्यापेक्षा मीटरचे दिवे मोजा. आणि मोटार सुरू होतानाचा आकडा घेऊ नका, त्या क्षणी करंट कितीतरी पट असतो. वेग धरू द्या, मग टाँग टेस्टर लावा, आणि एकाच वायरभोवती लावा. दोन्ही वायरी एकत्र धरल्या तर तो शून्य दाखवील.