शुगर-फ्री संत्रा बर्फी: सोय की मनाची समजूत?

बर्डीकर
लग्नसराईत आपल्या नागपुरात आता जिलबीशेजारी 'शुगर-फ्री' पाटी लावलेला वेगळा ट्रे असतोच. साध्या बर्फीचा एक तुकडा घेताना इकडेतिकडे बघणारे काका तिथं निर्धास्त चार उचलतात. या गोड गोळ्या आणि पावडरी विष आहेत असं मी म्हणत नाही. पण त्यांनी आपल्याला खायची सूट देऊन टाकली आहे. खवा तोच, तूप तेच. जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला हे साखरेचे पर्याय वापरू नका. मग घरोघरी चहात गोळी टाकून कोणाचं भलं होऊन राहिलं?

तीन_कप_चहा
भाऊ, सोयीचं तेवढं वाचलं तुम्ही. ज्यांना आधीपासून मधुमेह आहे त्यांना ती शिफारस लागू नाही, हे तिथंच लिहिलं आहे. मी मधुमेही. दिवसाला तीन कप, कपाला दोन चमचे धरले तर सहा चमचे साखर वाचते. 'सवय करा, फिका प्या' म्हणणाऱ्यांनी आधी स्वतः महिनाभर पिऊन दाखवावा.

गावरान_गूळ
पण काहून खाता बाप्पा ते केमिकल? त्या गोळ्यांतल्या ॲस्पार्टेमनं कॅन्सर होतो हे २०२३ मध्येच जाहीर झालं ना. गूळ घाला, आपले आजोबा तेच खात होते.

औषधवाला_धंतोली
दुकानात रोज हा प्रश्न येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं ॲस्पार्टेमला '२ बी' गटात टाकलं. म्हणजे 'कर्करोगकारक असू शकेल, पुरावा मर्यादित'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क त्याच गटात आहे, आणि तो लोक आरोग्यासाठी म्हणून पितात! किती खाल्लं तर धोका, हे तो गट सांगतच नाही. ते खाद्यपदार्थांतल्या मिश्रणांची तपासणी करणाऱ्या दुसऱ्या समितीनं त्याच वेळी सांगितलं: वजनाच्या दर किलोला दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत, ही जुनी मर्यादा कायम. ६० किलोच्या माणसाला २४०० मिलिग्रॅम. एका गोळीत साधारण वीसेक मिलिग्रॅम असतं. करा हिशोब.

सॅकरिन या साखरेच्या जुन्या पर्यायाचंही असंच झालं होतं. १९७० च्या दशकात उंदरांच्या मूत्राशयात गाठी दिसल्या, अमेरिकेत पाकिटावर इशारा छापला गेला. उंदरात ज्या कारणानं ते घडतं ते माणसात घडत नाही हे कळल्यावर २००० साली तो काढला. फिनाइलकिटोन्युरिया हा जन्मजात आजार असेल तर मात्र ॲस्पार्टेम खरंच टाळावं लागतं.

आणि गूळवाले भाऊ, गूळ म्हणजे बहुतांश साखरच जी. आजोबा गूळ खाऊन दिवसभर वावरात राबत होते, हेही धरा हिशोबात.

बर्डीकर
कॅन्सरचं मी बोललोच नव्हतो. २०२२ मध्ये इस्रायलमध्ये १२० निरोगी माणसांवर प्रयोग झाला. सॅकरिन आणि सुक्रालोज (हाही साखरेचा पर्यायच) घेणाऱ्यांची ग्लुकोज पचवायची पद्धत दोन आठवड्यांत बदलली, आतड्यातले जिवाणूही बदलले. मात्रा तुमच्या त्या मर्यादेच्या आतच होती. फ्रान्समध्ये लाखावर लोकांच्या पाहणीत हृदयविकाराशी संबंध दिसला. म्हणजे मर्यादेत आहे म्हणून काहीच होत नाही, असं कसं म्हणता?

तीन_कप_चहा
पाहणीत संबंध दिसतो, कारण नाही. ज्याचं वजन वाढलं, ज्याला डॉक्टरनं दम दिला, तोच डाएट शीतपेयाकडे वळतो. मग आजार पेयामुळे की आधीच्या वजनामुळे? आणि दोन आठवड्यांच्या प्रयोगावरून मी वर्षानुवर्षांची गोळी सोडू का? साखरेचं काय होतं ते मात्र माझ्या रिपोर्टवर दिसतं.

मिठाईघर_इतवारी
आमच्या कारागिराच्या बाजूचंही ऐका. साखर फक्त गोडीसाठी नसते, वडी धरून ठेवायलाही लागते. ती काढली की संत्रा बर्फी ओली राहते, कापताना सुरीला चिकटते. मग खवा वाढवायचा नाहीतर माल्टिटॉल, म्हणजे साखरेसारखा भर देणारा पर्याय, घालायचं. त्यात साखरेच्या निम्म्या कॅलरी असतातच, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडतं. ॲस्पार्टेम भट्टीच्या आचेवर टिकत नाही, गोडी उडून जाते, म्हणून सुक्रालोज वापरतात. वर संत्र्याच्या गराची स्वतःची साखर आहेच.

सगळ्यात मोठी गंमत अंजीर-खजूर रोलची. वरून साखर घातली नाही म्हणून शुगर-फ्रीच्या काउंटरवर ठेवतात. खजूर म्हणजे काय मग? आणि अर्धा किलो शुगर-फ्री नेणारं गिऱ्हाईक 'घरच्यांसाठी' पाव किलो साधी बांधून नेतं, ते वेगळंच.

आई_त्रिमूर्तीनगर
तुम्ही सगळे मोठ्यांचं बोलून राहिले. पारा ४५ वर गेला की सोसायटीतली पोरं डाएट कोला पितात, आणि आयाच देतात, 'साखर नाही ना' म्हणून. अशा कितीतरी वस्तूंवर 'लहान मुलांसाठी शिफारस नाही' असं बारीक अक्षरात असतं, वाचतं कोण? ज्याला साखरेचा आजार नाही त्या लेकराला हे कशासाठी?

गावरान_गूळ
म्हणून म्हणतो, कैरीचं पन्हं द्या. गूळ घालून.

आई_त्रिमूर्तीनगर
ताक देते जी. जिरेपूड घालून. त्यात गूळही नको आणि गोळीही नको.

तीन_कप_चहा
मुलांचं शंभर टक्के मान्य. बर्फीचंही मान्य, मिठाईघरवाल्यांनी डोळे उघडले. चहाची गोळी मात्र राहणार.

बर्डीकर
राहू द्या. पण चहासोबत बिस्किटं किती जातात, तेही लिहा एकदा इथं.