सोसायटीत मिळून वीज वाचवायची आहे, पण कोणी युनिटच सांगत नाही. मदत हवी आहे

निंबोणी: रविवारी मीटिंग आहे, लवकर सांगा प्लीज. प्रत्येक घराने युनिट सांगायचे आणि तीन महिन्यांनी किती उतरले ते बघायचं, असं ठरलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. ग्रुपवर तक्ता टाकला, तर पाचच घरांनी भरला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आमच्या घरात काय चालतं ते चारचौघांत कशाला?" पुढे काय करू?

तिसरा_मजला: घरं किती? गाव कुठलं? घरांचं बिल की कॉमन मीटरचं?

तारयंत्री: आधी पंप बघा. आमच्याकडे टाकी भरून गच्चीवरून पाणी वाहायचं तरी पंप चालूच. ५ एचपीचा पंप तासाला पावणेचार युनिट तरी खातो. सेन्सर बसवला, प्रश्न मिटला.

सूर्यफूल: सोलर लावा. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे.

निंबोणी: २४ घरं, ठाणे. घरांच्या बिलांबद्दल विचारतेय, कॉमनच्या नाही! आणि बाजूला टॉवर झालाय, दुपारी दोननंतर गच्चीवर ऊन नसतं.

तिसरा_मजला: मग हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.

तारयंत्री: घरांचं असेल तर पंखे बदला. जुना ७५ वॅटचा, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा नवा पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. ३०० च्या वरच्या युनिटांना दर चढा लागतो, त्यामुळे ३४० वालं घर तीन पंख्यांत खाली येतं. सगळ्यांनी एकदम घेतले तर दुकानदार भाव कमी करतो. फक्त जुन्या रेग्युलेटरवर चालवू नका, तो काढून थेट जोडा.

सूर्यफूल: चांगले चालते पंखे काढायचे? पाहुण्यांच्या खोलीतला पंखा दिवसाला तासभर चालतो. पैसे कधी वसूल होणार?

तारयंत्री: सगळे कोण म्हणतंय? हॉल आणि झोपायची खोली, एवढेच.

कुकरची_शिट्टी: इंडक्शन घ्या, गॅस वाचतो.

मोगरा: तुमच्या काकूंचं मला पटतं. सासऱ्यांचं ऑक्सिजन मशीन आमच्याकडे रात्रंदिवस चालायचं. सोसायटीच्या अशाच यादीत आमचं घर सगळ्यात वर. जिन्यात एकाने विचारलं, "दोन-दोन एसी लावता का हो?" मशीनची घरघर त्याला बाहेर ऐकू येत होती. तेव्हापासून बिल कोणाला दाखवलं नाही.
फ्लॅट नंबर नको. चिठ्ठीवर दोनच आकडे, या महिन्याचे आणि गेल्या वर्षी याच महिन्याचे युनिट. मागचे महिने बिलावरच छापलेले असतात. चिठ्ठ्या डब्यात टाका, मीटिंगमध्ये सगळ्यांची एकत्र बेरीज करा. आणि तीन महिन्यांनी बघायचं डोक्यातून काढा. मेनंतर ऑगस्ट आला की एसी बंद, युनिट आपोआप उतरतात. त्यात तुमची मेहनत किती ते कळणारच नाही.

सूर्यफूल: हे बरोबर. पण टॉवरची सावली बारा महिने सारखी नसते, गच्ची एकदा मोजून घ्याच.

निंबोणी: मोगराताई, काकांना जानेवारीत हॉस्पिटलातून घरी आणलं. घरात काय लागतं हे मी विचारलंच नाही, सरळ तक्ता पाठवला. आज संध्याकाळी जाऊन येते. ग्रुपवरचा तक्ता आत्ताच काढला, चिठ्ठ्यांसाठी डबा खाली वॉचमनकडे ठेवते.
तारयंत्री, रेग्युलेटर काढून द्यायचे वायरमन एका पंख्यामागे किती घेतो? रविवारी पहिला प्रश्न तोच येणार.