टी.वाय. राहिलं, आता कॅलिफोर्नियात सोशिऑलॉजी आणि स्पॅनिश?

अढीतली_कैरी (जामसंडे, देवगड)

पेट्या भरून झाल्यावर रात्री अकराला लिहितेय, तेव्हा चुका पोटात घाला.

समाजशास्त्र घेऊन एस.वाय.बी.ए.पर्यंत शिकले, मग लग्न ठरलं. टी.वाय. राहिलं ते राहिलंच. हे कॅलिफोर्नियात एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आहेत, माझा एच-फोर, म्हणजे बायकोला मिळतो तो व्हिसा, आताच आला. यंदाचा आंबा आटोपला की जूनमध्ये निघायचं. ह्यांनी घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजची (तिथलं दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) विषयांची यादी पाठवली आणि लिहिलं, 'कॉम्प्युटरचं काहीतरी बघ.' मी बघत बघत खाली गेले आणि सोशिऑलॉजी नि स्पॅनिशपाशी अडकले.

सोशिऑलॉजी का, तर अर्धवट सुटलेलं खुपतं. सासरे म्हणतात, "शेजाऱ्यांच्या चौकशा करायला पदवी कशाला? आमच्या आवाठात, वाडीत, सगळे बी.ए.च आहेत." स्पॅनिशचं कारण मात्र घरात कुणाला सांगितलेलं नाही. ह्यांनी एकदा व्हिडिओवर रस्त्याकडेची गाडी दाखवली. एक मेक्सिकन बाई आंब्याचे काप करून त्यावर तिखटमीठ भुरभुरवत होती, वर लिंबू. आपण कैरीला लावतो तसंच! मला तिला विचारायचंय की तुमच्याकडे आंबा पिकवतात कसा, पेंढ्यात की आणखी कशात.

तर फी किती पडते? एस.वाय.पर्यंतचं काही धरतात का? आणि दहावीपर्यंत मराठी माध्यम, वय २९, झेपेल का?

वाशिष्ठीकाठची

अगं, मी चिपळूणची, तुझ्यासारखीच एच-फोरवर आले, आता तिसरं वर्ष. घाई करू नकोस, फीसाठी तर मुळीच नको. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटला (विषय किती मोठा ते मोजायचं माप) ४६ डॉलर पडतात, बाहेरच्यांना त्याच्या कितीतरी पट. एच-फोरवाल्यांना रहिवासी ठरता येतं, पण सत्र सुरू व्हायच्या आधी तिथे १ वर्ष आणि १ दिवस राहिल्याचं दाखवावं लागतं. म्हणून उतरल्या दिवसापासून कागद जमव: भाडेकरारात तुझं नाव, बँकेचं खातं, राज्याचं ओळखपत्र, टॅक्स. मला हे कुणी सांगितलं नाही. पहिल्याच सत्रात दोन विषय घेऊन बसले, त्या पैशात गावाकडे स्कूटी आली असती, वर वर्षाचं पेट्रोल. पहिलं वर्ष इंग्रजीचे फुकट वर्ग कर, त्यांना नॉन-क्रेडिट म्हणतात. तिथेच तुला मैत्रिणी मिळतील, निम्म्या तरी मेक्सिकन.

एस.वाय.चं धरू शकतात. त्यासाठी निघायच्या आत मुंबई विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, सीलबंद पाकिटात काढ, विषयांचे अभ्यासक्रमही घे. इथे आल्यावर मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडून ते अमेरिकन युनिटमध्ये बदलून घ्यायचं. किती युनिट धरायचे हे शेवटी कॉलेज ठरवतं. इथून मागवताना माझ्या भावाने चार खेपा मारल्या, तो अजून ऐकवतो.

आणि एक गंमत. पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जायचं असेल तर तिथल्या काही ठिकाणी पदवीसाठी इंग्रजीखेरीज एक भाषा यावी लागते. सहावीपासून पुढे निदान दोन वर्षं दुसऱ्या माध्यमात शिकल्याचा दाखला दिला तर ती अट सुटू शकते. म्हणजे तुझं मराठी माध्यम इथे कामाला येतं! काउन्सेलरला हे आपण होऊन विचार. तेव्हा स्पॅनिश घे, पण हौसेने घे. मात्र ते बहुतेक ठिकाणी ४ किंवा ५ युनिटचं असतं आणि दर युनिटला आठवड्याचे तीन तास जातात, वर्ग आणि घरचा अभ्यास धरून. सोशिऑलॉजीची ओळख ३ युनिटची. दोन्ही एकदम घेतलेस तर आंब्याच्या सीझनसारखं होईल.

इंजिनरूम_मालवण

चेडवा, भिया नको. मी बोटीवर सेकंड इंजिनिअर होतो, कायाव, ग्वायाकिल, वालपाराइसो अशा दक्षिण अमेरिकेतल्या बंदरांना फेरे मारले. पुस्तक न उघडता स्पॅनिश शिकलो, त्यामुळे व्याकरण विचारू नकोस. पण एक सांगतो, ही भाषा इंग्रजीतून शिकू नकोस, मराठीतून शीक. 'मला आंबा आवडतो' म्हणजे 'मे गुस्ता एल मांगो'. 'मला आंबे आवडतात' म्हणजे 'मे गुस्तान लोस मांगोस'. बघ, क्रियापद आंब्याप्रमाणे बदललं! इंग्रजीवाल्याला हे समजायला महिना लागतो, आपल्याला चहा पिता पिता कळतं. तू आणि तुम्ही वेगळे आहेत. चांगला-चांगलीसारखं 'ब्वेनो-ब्वेना' आहे, नपुंसकलिंग तेवढं नाही. त आणि द आपलेच, ट-ड करायला गेलीस तर हसतील.

शब्दही ओळखीचे निघतात, कारण मराठीत काही शब्द पोर्तुगीजमधून आले आणि पोर्तुगीज तिची सख्खी बहीण. साबण 'हाबोन', चावी 'यावे', पगार तर 'पागार', म्हणजे पैसे देणे. फसवणारेही आहेत. पाव मागायचा तर 'पान' म्हणायचं. 'पापा' म्हणजे बटाटा, पण शेवटच्या अक्षरावर जोर दिला की बाप. कायावच्या बाजारात मी दोन किलो बाप मागितला होता. भाजीवाली अजून हसत असेल.

पाणंद (सावंतवाडी)

मी समाजशास्त्र शिकवतो, म्हणून सासऱ्यांच्या वाक्यावर थांबलो. त्यांना सांगा, या देशात हा विषय ज्यांनी उभा केला ते गोविंद सदाशिव घुर्ये १८९३ साली मालवणात जन्मले. केंब्रिजहून परत आले आणि १९२४ पासून मुंबई विद्यापीठाचा विभाग सांभाळला. इरावती कर्वे आणि एम. एन. श्रीनिवास हे त्यांचेच विद्यार्थी.

झेपण्याबद्दल म्हणाल, तर इंग्रजीची मला फार काळजी नाही. काळजी आहे ती आपल्या नोट्स पाठ करण्याच्या सवयीची. तिथे निबंध स्वतःच्या शब्दांत लिहावा लागतो. गाइडमधला परिच्छेद जसाच्या तसा उतरला तर ती चोरी धरतात. ओपनस्टॅक्स या संस्थेचं, समाजशास्त्राची ओळख करून देणारं पाठ्यपुस्तक नेटवर फुकट आहे, पेट्या भरताना नाही तरी जूनच्या पावसात एक प्रकरण वाचा. दर कल्पनेपुढे गावातलं उदाहरण लिहून ठेवा. आचऱ्याची गावपळण घ्या: अख्खा गाव गुराढोरांसकट वेशीबाहेर जाऊन तीन दिवस राहतो. गावात मागे राहायचं नाही हे कुणी लेखी देत नाही, तरी राहत कुणी नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमने 'सामाजिक तथ्य' म्हटलं ते हेच. अमेरिकन मास्तर हे ऐकून खुर्ची पुढे ओढेल.

अढीतली_कैरी

सगळ्यांचे आभार. ट्रान्स्क्रिप्टचा अर्ज भरायला घेतला, एस.वाय.ची मार्कशीट तांदळाच्या डब्यामागे सापडली. पहिलं वर्ष फुकटचा वर्ग, मग आधी सोशिऑलॉजी, स्पॅनिश त्याच्या पुढच्या सत्रात, असं ह्यांना कळवलं. हे म्हणाले, "मग कॉम्प्युटर?" मी म्हटलं बघू.

इंजिनरूमकाका, पेंढ्याला काय म्हणतात तेवढं सांगा.

सासऱ्यांना घुर्यांचं सांगितलं. ते चष्मा काढून म्हणाले, "मालवणातले घुर्ये? कुठच्या आवाठातले?"

इंजिनरूम_मालवण

'पाखा'. ख घशातून काढ.