‘वर या’ की ‘आत या’?

सायलीची आई
मंडळी, एक अडलंय. एप्रिलात सहा आठवडे लेकीकडे जपानला होते, टोकियोत निशी-कासाईला (तिथं लिफ्टमध्येसुद्धा मराठी कानावर पडतं, ते असो). परत आल्यावर एका दिवाळी अंकाला लेख दिला. त्यात मागच्या गल्लीतल्या आजींकडे चहाला गेलो तो प्रसंग आहे. दार उघडलं की लगेच फरशीचा एक चौकोन, जेमतेम दोघी उभ्या राहू एवढा, तिथं चपला काढायच्या, मग वीतभर उंच लाकडी पायरी आणि तिथून पुढे घर. आजी त्या पायरीवर उभ्या राहून म्हणाल्या "दोओझो, ओआगारी कुदासाई". लेक म्हणाली, शब्दशः अर्थ "वर या". मी तसंच लिहिलं. संपादकांनी खोडून "आत या" केलं आणि शेजारी शेरा मारला, "मराठीत पाहुण्याला वर बोलावत नाहीत, वर फक्त देव बोलावतो". हसले मी, पण पटलं नाही. माझी गुहागरची आजी "या, वर या" असंच म्हणायची. की मलाच भास होतोय?
आणि दुसरं, त्या चौकोनाला ते लोक गेन्कान म्हणतात, त्याला मराठीत काय लिहू?

आंबेघाट
भास कसला ताई. आमचं घर जोत्यावर, अंगणातून ओटीवर चढायला तीन पायऱ्या, चुलते अजूनही पोस्टमनला "उन्हात का उभा, वर ये" म्हणतात. संपादक देशावरचे दिसतात.

वऱ्हाडी ठेचा
अकोल्याला कोणाला "वर या" म्हणून पाहा, माणूस जिना शोधत फिरते. आमच्याकडे "या ना, बसा" झालं. वर म्हणजे माडी नाहीतर गच्ची. कोकणातल्या तीन पायऱ्यांसाठी सगळ्या महाराष्ट्राने चढायचं का?

आंबेघाट
जपानी आजीच्या घरात पायरी आहे ना पण. अकोल्याची आजी नाहीये ती.

कांजी
पुण्यात जपानी शिकवतो म्हणून मध्ये तोंड घालतो. ‘आगारु’ म्हणजे वर चढणे, बरोबर, आणि कुणाच्या घरी जाण्यालाही तेच क्रियापद, कारण जपानी घर जमिनीपासून उचललेलं. पण टबातून न्हाऊन बाहेर येण्यालाही आगारुच म्हणतात. तिथं काय "आजोबा न्हाऊन वर आले" लिहिणार? शब्दापेक्षा प्रसंग बघा. माझं मत "आत या", संपादकांच्या बाजूने (शेरा मात्र आगाऊ आहे).

भाटकार
गोंयांत जुन्या घरांना बाल्कांव असतो, चार पायऱ्या वर, दोन्ही बाजूंना बसायला सोपे (बाकं). पाहुणा खाली रस्त्यात उभा आणि यजमान वर बसलेला, त्यामुळे आमच्याकडे ‘वयर’च. ताईंच्या गेन्कानला बाल्कांव चालणार नाही पण, तो दाराबाहेर असतो.

शुद्धमराठी
मूळ मुद्दा राहतोय. ‘ओआगारी’ मध्ये आपला संस्कृत ‘आगार’ स्पष्ट दिसतो, आगार म्हणजे घर. बौद्ध धर्माबरोबर गेलेला शब्द. म्हणजे आजी "घरात या" म्हणत होत्या.

कांजी
नाही हो सर. ‘ओ’ आदरार्थी, ‘आगारी’ हे आगारुचं रूप, अस्सल जपानी क्रियापद. अशाने एसटीचं आगारही जपानी निघेल.

वऱ्हाडी ठेचा
आगारात बी बसमध्ये वरच चढा लागते 😄

शुद्धमराठी
हसा. गेन्कानला मात्र ‘देवडी’ हा सिद्ध शब्द आहे, वापरा.

आंबेघाट
देवडीत पहारेकरी बसतो. दोन चपलांच्या जागेला देवडी? पडवी म्हणा एकवेळ.

पाटलाची सून
पडवी कशी, ती छपराचा उतार पुढे काढून करतात, तिथं माणूस झोपतो, सायकल लावतो. आमच्याकडे (बीड) वाड्याच्या दारातून आत शिरलं की बाजूला बसायला ढाळज असते, तिच्या खाली चपलांचा ढीग. पण ढाळज म्हणजे बसायची जागा, चपलांच्या जागेला आम्ही कधी नावच दिलं नाही. सासूबाई नुसतं "पायताणं तिकडं काढा" म्हणायच्या, ‘तिकडं’ हेच नाव.

सायलीची आई
हे मात्र खरंय! आपल्याकडे त्या जागेला नाव नाही कारण ती जागाच नाही, चपला जिथं पडतील तिथं. फ्लॅटमध्ये तर जिन्यात, शेजाऱ्याच्या दारापर्यंत. आणि आपण पाय धुवून आत जायचो, त्यांच्यात पाय धुणं नाही, मोजे असतात. माझ्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, तो अर्धा तास कसा काढला माझं मला माहीत. लेखात आलंय ते.

कांजी
शब्दाचीच गोष्ट ऐका. गेन म्हणजे गूढ, कान म्हणजे फाटक. मुळात झेन पंथातला शब्द, गूढ ज्ञानात शिरण्याचं दार. मग मठाच्या प्रवेशदाराला, मग सामुराईंच्या घरांना लागला. इडो काळात सामान्य माणसाला गेन्कान बांधायची मुभा नव्हती, १८६८ नंतर मेइजी काळात तो घरोघर पसरला. म्हणून माझं म्हणणं, ‘गेन्कान’च ठेवा.

शुद्धमराठी
हेच ते. उद्या सगळंच ‘तसंच ठेवा’. ‘जोडेघर’ करा, आज विचित्र वाटेल, महापौर पण वाटलाच होता. जपानी लोक बघा स्वतःची भाषा कशी जपतात.

कांजी
कोण म्हणालं? त्या गेन्कानातच बघा, स्लिपरला ते ‘सुरिप्पा’ म्हणतात, दाराला ‘दोआ’, पायपुसण्याला ‘मात्तो’. सगळं इंग्रजीतून. आणि तुम्ही रोज ज्या रिक्षात बसता ती जपानी, जिन-रिकी-शा, माणूस-शक्ती-वाहन. त्यातला ‘जिन’ म्हणजे माणूस, तो वाटेत गळला.

वऱ्हाडी ठेचा
माणूस गळला म्हणूनच मीटरने येत नाहीत.

शुद्धमराठी
मी बसने जातो.

सायलीची आई
आणखी एक राहिलंच. निघायला उठलो तर माझ्या चपला आजींनी आधीच दाराकडे वळवून ठेवलेल्या, अंगठे बाहेर, टाचा घराकडे, दोन्ही अगदी चिकटून. पाय घातले की सरळ चालू पडायचं. मी लिहिलं "आजींनी चपला उलट्या करून ठेवल्या होत्या". संपादकांचा फोन, "जपानीही भांडण लावतात का?" कारण चप्पल उलटी पडली की घरात भांडण, ते आपलं! मग "दाराकडे तोंड करून" केलं, तर लेक म्हणते चपलेला तोंड कुठून आलं.

पाटलाची सून
तळवा वर म्हणजे ‘पालथी’. ‘उलटी’ दोन्हीला चालते म्हणून गोंधळ. "फिरवून ठेवल्या" लिहा ना, साधं.

आंबेघाट
फिरवून म्हणजे गरगर. "वळवून".

भाटकार
वहाणेला तोंड असतं की, नवी चावते तेव्हा कळतं.

शुद्धमराठी
वहाण हा शुद्ध शब्द, संस्कृत उपानह वरून. चप्पल कुठून आली ते सांगा कोणीतरी.

वऱ्हाडी ठेचा
चप चप वाजते म्हणून.

शुद्धमराठी
अशा व्युत्पत्तीला अर्थ नाही.

पाटलाची सून
आगार चालतं, चप चप नाही? सर, पायताण घ्या, पादत्राणावरून, शुद्धही आणि बीडचंही.

आंबेघाट
पायताण म्हटलं की मला मारायला हातात घेतलेलंच दिसतं. त्या आजींच्या हातात नको.

सायलीची आई
अहो, गुरुवारी प्रुफं परत द्यायचीत. ‘वळवून’ घेतलं, गेन्कान एकदा लिहून पुढे नुसतं ‘दारातला चौकोन’. आता वर की आत, ते सांगा.

वऱ्हाडी ठेचा
या बसा.

कांजी
आत.

आंबेघाट
वर! आणि सर, महापौर म्हणालात त्यावरून, नगराध्यक्षाच्या बाईला काय म्हणायचं हो? आमच्याकडे नुसतं ‘अध्यक्षीणबाई’ चालतं, पण तिची निवड झाली असेल तर?