मदत हवी आहे: ट्रकवरच्या फिरत्या रंगमंचाचा फाळका हलतो

सातारा-सांगली भागातल्या जत्रांत भारूड, पोवाडा, लावणी असे कार्यक्रम आम्ही 17 फुटी ट्रकवर करतो. हौद्याचे दोन्ही फाळके (बाजूच्या उघडणाऱ्या भिंती) आडवे उघडले की रुंदी साधारण 16 फूट होते. त्यांना बॉक्स पाईपची फ्रेम असून वर 18 मिमी प्लाय आहे, बाहेरच्या कडेला प्रत्येकी 3 स्क्रू जॅक (फिरवून उंची जुळवायचे पाय).

भारुडाला काही अडचण येत नाही. पण लावणीत चार-पाच जणी एकदम ठेका धरतात तेव्हा फाळका मधोमध लवतो, माईकचा स्टँड डोलतो आणि धपधप थेट स्पीकरमधून येते. काळ्या रानात जॅक रुततात तो त्रास वेगळाच. जॅकखाली सागाच्या फळ्या टाकल्या, थोडा फरक पडला. प्लायवर रबर शीट अंथरली, तर घुंगरांचा आवाजच मेला. लावणीत ते चालणारच नाही.

नवी गाडी परवडणार नाही. मंच तासाभरात चौघांनी उभा व्हायला हवा आणि फाळका दोघांना उचलता यायला हवा, त्यामुळे फार वजन वाढवता येत नाही. वेल्डिंग मात्र गावातच होतं.

फाळक्याखाली मधोमध सुटी घोडी (पायांचा टेकू) लावावी, की फ्रेममध्येच आडवे पाईप वाढवावेत? आणि ओल्या जमिनीत जॅकखाली किती मोठी प्लेट द्यावी?