शब्दचर्चा : प्रबंध 'सादर' करायचा की 'मांडायचा'?

केगावकर : मंडळी, मदत हवी. माझं पीएच.डी.चं काम डाळिंबावरच्या तेल्या रोगावर आहे. आता ते ऑनलाइन, तीन मिनिटांत, ज्यांनी बाग कधी पाहिली नाही अशांना सांगायचंय. 'थ्री मिनिट थिसिस' ही स्पर्धा ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात २००८ साली सुरू झाली, त्याच धर्तीवर आमच्याकडेही ठेवलीय. पत्रकात 'शोधप्रबंधाचे सादरीकरण' असं छापलंय. वाचूनच जांभई येते. दुसरा शब्द सुचवा की.

पाटीपेन्सिल : जांभईचं सोडा, माझी तक्रार वेगळीच आहे. प्रबंधाच्या पहिल्या पानावर काय असतं? 'पीएच.डी. पदवीसाठी सादर केलेला प्रबंध'. अर्ज सादर, अहवाल सादर, हिशेब सादर. सगळं खालून वर जातं. इथे ऐकणारा तुमचा साहेबही नाही आणि परीक्षकही नाही, मग सादर कुणाला करताय? 'मांडणे' घ्या. मुद्दा मांडतो, कैफियत मांडतो, रुखवतही मांडतो, ते येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघावं म्हणूनच.

तिसरीघंटा : पाटीपेन्सिल, हुतात्मा स्मृती मंदिरात कधी नाटक पाहिलं नाही का? 'सादर करीत आहोत' हे कुठल्या साहेबाला म्हणतात? मायबाप प्रेक्षकांनाच ना! सादर म्हणजे स + आदर. समोरच्याला मान देऊन पुढे ठेवणं. ज्याला विषयातलं काही कळत नाही त्यालाच तो मान मिळायला हवा. मला तर शब्द चपखल वाटतो. शिवाय 'मांडणी' म्हटलं की गाईड पुढचा प्रश्न टाकणार, 'प्रकरणांची मांडणी बदलली का?'

उजनीकाठ : 'गोषवारा' कसा वाटतो? फारसीत गोशवारा म्हणजे कानातलं. आपल्याकडे दप्तरात येऊन हिशेबाचा सारांश झाला.

पाटीपेन्सिल : शब्द देखणा आहे, पण गोषवारा वाचतो तो त्याच विषयातला माणूस. त्याला झँथोमोनास, म्हणजे तेल्याच्या जिवाणूचं शास्त्रीय नाव, म्हटलं की पुरतं.

वडजीवाला : 'शोधकथन' करा, नवा शब्द.

तिसरीघंटा : नको हो. माझी आई विचारेल, 'कुणाचं काय हरवलं?'

पाटीपेन्सिल : नावावर भांडण्यापेक्षा नियम बघा. एकच स्थिर स्लाइड, हलणारं काही नाही, हातात वस्तू नाही, गाणं-कविता नाही. तीन मिनिटांच्या वर गेलात की बाद. ऑनलाइन प्रकारात चित्रीकरण सलग, मध्ये कात्री नाही. आयोजकच सांगतात, ८०,००० शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा तर ९ तास लागतील. आणि गुण देताना एक गोष्ट मुद्दाम बघतात : संशोधकानं आपलं काम पोरकट तर करून टाकलं नाही ना. म्हणून 'सुलभीकरण' शब्द मला धोक्याचा वाटतो. सुलभ करता करता माणूस मजकूरच गाळतो. 'उलगडून सांगणे' यात काही गळत नाही, घडी तेवढी मोडते.

केगावकर : हे पटलं. प्रबंधात मी तेल्याला सगळीकडे 'जिवाणूजन्य करपा' लिहिलंय. पण इथल्या बागायतदारापुढे तसं म्हटलं तर तो तोंडाकडे बघत राहतो. तेल्या म्हटलं की लगेच, 'मृग बहार (पावसाळ्यात फुलणारा) धरूच नका' म्हणतो. पावसाच्या शिंतोड्यांनी रोग पसरतो हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, बागेत बघून कळलंय.

उजनीकाठ : मग सुरुवात तेल्यानंच करा. शहरातल्याला वाटेल फळाला कुणी तेल लावतंय.

केगावकर : तेच वाक्य पहिलं घेतो. 'पानावर, फळावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा डाग दिसतो. पुढे तो काळा पडतो आणि फळ तिथेच तडकतं.' झँथोमोनास एकदाच, तेही यानंतर. स्लाइडवर तडकलेल्या फळाचा फोटो, बाकी काही नाही.

वडजीवाला : आमच्या घरी तेलुगू. आईला दाखवायचं तर 'सादरीकरण' आणि 'मांडणी' दोन्ही सारखेच. फोटो मोठा ठेवा.

तिसरीघंटा : आणि कॅमेऱ्याकडे बघा, कागदाकडे नको. सलग चित्रीकरणात नजर खाली गेलेली लगेच कळते.

केगावकर : पत्रक छापून झालंय, तेव्हा 'सादरीकरण' राहणारच. निवेदिकेला मात्र सांगितलंय, 'प्रबंध सादर करतील' म्हणू नका, 'आपलं संशोधन उलगडून सांगतील' म्हणा. जाता जाता अजून एक : व्हायवाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, 'मौखिकी' कुणी म्हणतं का?

पाटीपेन्सिल : परिपत्रकात म्हणतात. समोरासमोर 'व्हायवा झाला का?' एवढंच, आणि उत्तराआधी पेढे मागतात.