विंचूदंशावरील प्रतिविष: ट्युनिशिया आणि महाड येथील चाचण्यांचे निष्कर्ष वेगळे का?

प्रश्न (निवासी डॉक्टर, इमर्जन्सी मेडिसिन)

आमच्या जर्नल क्लबसाठी (प्रसिद्ध शोधनिबंधांवरील चर्चेच्या बैठकीसाठी) मी विंचूदंशावरील दोन चाचण्या निवडल्या आहेत. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ट्युनिशियातील चाचणीत आठशेहून अधिक रुग्णांना प्रतिविष किंवा प्लासिबो (औषध नसलेला, दिसायला तसाच उपचार) देण्यात आले आणि प्रतिविषाचा लाभ दिसला नाही. डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांची महाड येथील चाचणी २०११ साली ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. तीत अवघे ७० रुग्ण होते आणि प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारे औषध) सर्वांनाच दिले होते. ज्यांना सोबत प्रतिविष मिळाले, त्या ३५ पैकी ३२ जणांची लक्षणे दहा तासांत ओसरली. नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८ जणांचीच. ही चाचणी अंध नव्हती, म्हणजे कोणाला कोणता उपचार मिळाला हे लपवलेले नव्हते. मग तिच्या निष्कर्षाला कितपत वजन द्यावे?

उत्तर १ (वैद्यकीय अधिकारी, ग्रामीण रुग्णालय, कोकण)

आधी दोन्हीकडे कोणते रुग्ण घेतले होते ते पाहा. ट्युनिशियात दंशाची तीव्रता न पाहता दहा वर्षांवरील रुग्ण घेतले गेले, म्हणजे ज्यांना नुसती आग होत होती असेही पुष्कळ जण त्यात आले. जे प्रतिविषाशिवायही बरे होणार, त्यांच्यात प्रतिविषाचा लाभ दिसणार तरी कसा? शिवाय तिकडचे विंचू वेगळे आणि त्यांचे प्रतिविषही वेगळे. महाडला मात्र विष अंगात भिनल्याची लक्षणे असलेले, पण हृदय व फुप्फुसे अद्याप न बिघडलेले रुग्ण निवडले होते.

हा फरक खाटेजवळ उभे राहिले की लगेच कळतो. दंशाच्या जागी असह्य ठणका लागून ओरडणारा रुग्ण बहुधा सुखरूप घरी जातो. धास्ती वाटते ती सदरा घामाने चिंब झालेल्या, लाळ गळणाऱ्या आणि पावले गार पडलेल्या, फारशी तक्रार न करणाऱ्या मुलाची. आपल्याकडच्या लाल विंचवाच्या विषाने चेतातंतूंतील सोडियमच्या वाहिन्या वेळेवर बंद होत नाहीत, अ‍ॅड्रेनॅलिन व नॉरअ‍ॅड्रेनॅलिन रक्तात ओतले जाते, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावरचा ताण वाढून शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन ही आवळण सोडवते, विषाला मात्र हात लावत नाही. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण एकदा उसळलेले अ‍ॅड्रेनॅलिन परत घेऊ शकत नाही. म्हणून ते उशिरा दिले तर उपयोग कमी.

उत्तर २ (संशोधनपद्धतीचे अध्यापक)

वरील विवेचन मान्य आहे. केवळ आकड्यांपुरते थोडे जोडतो. चाचणी अंध नसेल तर घाम थांबला की नाही, हातपाय कोमट झाले की नाही, अशा निरीक्षणांत डॉक्टरांचा कल नकळत उतरू शकतो, आणि हा आक्षेप रास्तच आहे. तरीही ३२ आणि ८ यांमधील तफावत केवळ त्याने भरून निघेल असे मला वाटत नाही. अ‍ॅरिझोनातील २००९ ची चाचणी तर अवघ्या १५ मुलांची होती, पण ती दुहेरी अंध होती, म्हणजे उपचार कोणता हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही ठाऊक नव्हते: प्रतिविष मिळालेली आठही मुले चार तासांत लक्षणमुक्त झाली, प्लासिबोच्या गटातील सातांपैकी एकच. विंचू तिथलाही वेगळा, पण निवड इथल्यासारखीच, म्हणजे गंभीर लक्षणांची.

महाडच्या चाचणीने काय सिद्ध झाले नाही, तेही जर्नल क्लबमध्ये अवश्य मांडा. बरे होण्याचा सरासरी काळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. मृत्यू टळतात का, हा प्रश्न त्या चाचणीच्या आवाक्यातलाच नव्हता.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. प्रबंधासाठी मृत्यू हाच मुख्य निकष धरून नवी चाचणी आखता येईल का?

उत्तर २

प्रबंधाच्या मुदतीत नाही. प्राझोसिनमुळे मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या घरात आले आहे असे धरले आणि ते निम्म्यावर येते का हे नेहमीच्या ८० टक्के सामर्थ्याने (खरा फरक असल्यास तो पकडण्याची शक्यता ८० टक्के) तपासायचे ठरवले, तर दोन्ही गट मिळून नऊ हजारांहून अधिक रुग्ण लागतील. त्यापेक्षा दंशापासून प्रतिविष मिळेपर्यंतचा वेळ प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर काटेकोर नोंदवा आणि त्या वेळेनुसार फुप्फुसांत पाणी होण्याचे प्रमाण बदलते का ते पाहा. लक्षणे ओसरली का, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना उपचार कोणता दिला ते कळू देऊ नका; आमच्याकडे त्यासाठी सलाइनच्या बाटलीला कापडी पिशवी घालत असत.